न्या. गजेंद्रगडकरांवर लिहायचंय, पण नुसती तारखांची यादी होतेय

रेवा_लॉ:
नमस्कार मंडळी. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला प्रत्येकाला अपिलाच्या कोर्टात बसलेला एक न्यायाधीश निवडून त्याचं आयुष्य आणि काम यावर मोठी असाइनमेंट लिहायचीय, नंतर वर्गासमोर बोलायचं पण आहे. मी प्र. बा. गजेंद्रगडकर घेतले. वर्गात बाकीच्यांनी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश चागला नाहीतर सुप्रीम कोर्टाचे कृष्णा अय्यर घेतलेत, आणि मला वाटलं की सातारचा माणूस देशाचा सरन्यायाधीश झाला आणि आपल्याच लोकांना त्यांचं नाव पटकन आठवत नाही, हे बरोबर नाही.

अडचण अशी की मी जे लिहिलंय ते एका पानात संपलं. जन्म १६ मार्च १९०१, सातारा. घरात संस्कृतची परंपरा. १९२४ ला डेक्कन कॉलेजातून एमए, १९२६ ला पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून एलएलबी, त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात अपेलेट साइडला वकिली सुरू. १९४५ ला हायकोर्टाचे जज, १९५६ ला सुप्रीम कोर्ट, १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ सरन्यायाधीश. मग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, लॉ कमिशनचे अध्यक्ष, १९७२ ला पद्मविभूषण, १२ जून १९८१ ला निधन. झालं!

सेशन कोर्टाच्या जजचं आयुष्य लिहायला घेतलं तर साक्षीदार येतात, आरोपी समोर उभा असतो, काहीतरी घडत असतं. अपिलाचा जज दिवसभर कागद वाचतो आणि वकिलांचं ऐकतो. मग त्याच्या आयुष्यात शोधायचं काय? आणि माझ्या मॅडम म्हणाल्या की पत्रकारांच्या हक्काची मिरजकर केस टाळून चालणार नाही, ती वाचली आणि खरं सांगायचं तर मन जरा खट्टू झालं. कुणी कोर्टात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा कुठून सुरुवात करू.

जिल्हाकोर्टवाला:
रेवा, तू ज्या ओळीवरून भर्रकन पुढे गेलीस ना, "अपेलेट साइडला वकिली", तिथेच आधी थांब. अख्खा माणूस त्या ओळीत आहे.

मुंबई हायकोर्टाला दोन बाजू. ओरिजिनल साइड म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जे थेट हायकोर्टातच चालतात, तिथे त्या काळात बॅरिस्टरांचा दबदबा, सॉलिसिटरनं ब्रीफ दिल्याशिवाय कौन्सेलला, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाला, उभंच राहता येत नसे, मोठमोठ्या कंपन्या, जहाजं, मिलमालक, सगळा पैसा तिकडे. चागला त्या बाजूचे. अपेलेट साइड म्हणजे मोफसलातून, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतून, वर आलेली अपिलं. सातारा, रत्नागिरी, बेळगाव, धारवाड, सुरत, तेव्हाचा मुंबई इलाखा केवढा पसरलेला होता बघ. दत्तक, वाटणी, वतन, इनाम, देवस्थानाच्या जमिनी, विधवेचा पोटगीचा हक्क. इथं वकिली करणारे बहुतेक जण आपल्यासारख्या घरातले, गावाकडून आलेले, विलायतेला न गेलेले. गजेंद्रगडकर इथे जवळजवळ एकोणीस वर्षं वकिली करून मग खुर्चीवर गेले.

आता अपिलाच्या वकिलाला आणि जजला हातात काय मिळतं ते बघ. पेपरबुक. त्यात दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), काढलेले मुद्दे, जबान्या, निशाण्या (पुराव्यातले नंबर टाकलेले कागद), खालच्या कोर्टाचा निकाल आणि हुकूमनामा. बस्स. समज निशाणी ४१ ला दत्तकपत्र आहे, त्यावर एका साक्षीदाराचा अंगठा आहे, आणि तोच साक्षीदार उलटतपासात बोलून गेलाय की त्या दिवशी मी तालुक्याच्या बाजाराला गेलो होतो. खालच्या जज्जानं त्याला समोर बघितलंय, तो चाचरला की ठामपणे बोलला हे त्याला माहितीय, आणि त्यानं त्याला खरा मानलाय. तुझ्यापुढे फक्त शाईतली दोन वाक्यं, मूळ बोलणं मराठीत किंवा कानडीत आणि तुझ्या हातात त्याचं इंग्रजी भाषांतर. आता तू ठरव दत्तक झालं की नाही, आणि त्याच्यावर एका घराची सगळी जमीन अवलंबून.

म्हणून नियम असा की साक्षीदार खरा की खोटा यात खालच्या कोर्टाच्या मताला मान द्यायचा, उगाच उलटवायचं नाही, पण कागदच जर ओरडून वेगळं सांगत असेल तर गप्पही बसायचं नाही. फर्स्ट अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासता येतं, सेकंड अपिलात फक्त कायद्याचा मुद्दा, सिव्हिल प्रोसिजर कोडचं कलम १००, जे १९७६ च्या दुरुस्तीनं आणखी आवळलं गेलं. या दोन मर्यादांच्या मधे अपिलाचा जज जगतो. तुला आयुष्य शोधायचंय ना, तर त्यानं कुठे हात घातला आणि कुठे आवरला हे निकालांमधून वेचून काढ, दुसरं काही शोधू नको.

शॉर्टहँड_काका:
मी हायकोर्टात स्टेनो म्हणून नोकरी केली, गजेंद्रगडकरांचा काळ माझ्या फार आधीचा पण जुन्या लोकांकडून ऐकत आलो आणि पद्धती बऱ्याच तशाच राहिल्या होत्या म्हणून लिहितो.

बाहेरून वाटतं जजसाहेब अकराला येतात पाचला जातात. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर. उद्याच्या बोर्डावरच्या, म्हणजे उद्या चालणाऱ्या केसेसच्या यादीतल्या, फायली आदल्या संध्याकाळी बंगल्यावर जातात, पट्टेवाला लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे गाडीत ठेवतो, आणि चांगला जज सकाळी कोर्टात बसतो तेव्हा वकिलानं तोंड उघडायच्या आत त्याला पान नंबर माहीत असतो. दोन जजचं डिव्हिजन बेंच असेल तर दोघं खुर्चीवरच मान वाकवून हळू बोलतात, कधी कधी तेवढ्यात केसचा निकाल लागून जातो.

मुंबईची जुनी पद्धत म्हणजे युक्तिवाद संपला की तिथल्या तिथे भर कोर्टात निकाल डिक्टेट करायचा. चागलासाहेबांची तर ती ख्यातीच होती. वकील समोर बसलेत, पक्षकार मागे बाकावर बसलेत, आणि जज काही न लिहून आणता तारखा, निशाण्या, आधीचे निकाल एकामागून एक सांगत चाललाय, स्टेनोची पेन्सिल थांबत नाही. मधेच एखादं वाक्य चुकलं तर सगळ्यांच्या देखत चुकतं. गजेंद्रगडकर १९४७ ते १९५६ चागलांच्या हाताखाली आणि बरोबरीनं याच कोर्टात बसले, दोघांच्या बेंचचे निकाल शोध म्हणजे दोन वेगळ्या बाजूंनी आलेली माणसं एकत्र कशी काम करायची ते कळेल.

आणि पैशाचं पण लिही बाई, पोरं विचारत नाहीत. घटनेत १९५० ला हायकोर्टाच्या जजचा पगार महिना ३,५०० रुपये लिहिला होता, सुप्रीम कोर्टाच्या जजचा ४,००० आणि सरन्यायाधीशांचा ५,०००. तो आकडा १९८६ पर्यंत तसाच होता! म्हणजे हायकोर्टातून दिल्लीला जायचं तर घटनेतल्या या आकड्यांत फरक फक्त ५०० रुपयांचा, वर घर हलवायचं, सगळी माणसं सोडायची. चांगली चालणारी वकिली सोडून खुर्चीवर यायला लोक का कचरायचे ते यातून समजतं.

रेवा_लॉ:
काका, जिल्हाकोर्टवाले दादा, खूप खूप आभार. पगाराचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. लाल फडक्यातले गठ्ठे तर मी घेणारच.

एक विचारू का, हायकोर्टात दत्तक आणि वाटणीचे निकाल देणारा माणूस सुप्रीम कोर्टात जाऊन एकदम कामगार कायद्यातला मोठा जज कसा झाला? सगळीकडे त्यांचं नाव लेबर लॉमध्ये येतंय.

निवृत्त_बँकवाला:
याचं उत्तर मी देतो कारण आमच्या पिढीच्या पगाराच्या स्लिपमध्ये हा माणूस होता.

१९५४ ला बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा ट्रिब्युनलचा निवाडा सरकारनं बदलला, त्यावरून खुद्द मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिला, केवढी खळबळ झाली होती. मग सरकारनं बँक अवॉर्ड कमिशन नेमलं, ते न्या. राजाध्यक्षांकडे होतं, त्यांचं मधेच निधन झालं आणि काम गजेंद्रगडकरांकडे आलं. १९५५ ला त्यांनी ते पुरं केलं आणि पुढच्याच जानेवारीत सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे दिल्लीला जातानाच ताळेबंद, महागाई निर्देशांक, क्लार्कच्या घरखर्चाचे हिशेब हे सगळं डोक्यात घेऊन गेलेला जज.

तिथे १९५७ ला क्राउन ॲल्युमिनियमच्या केसमध्ये त्यांनी जे लिहिलं ते मी आमच्या युनियनच्या सभेत कितीतरी वेळा सांगितलंय, की कामगाराला किमान वेतनसुद्धा देऊ न शकणाऱ्या धंद्याला चालू राहायचा हक्कच नाही. किती सरळ! १९५९ ला असोसिएटेड सिमेंटची केस, तिथे बोनस कसा काढायचा हा प्रश्न. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भांडणात १९५० ला लेबर अपेलेट ट्रिब्युनलनं एक फॉर्म्युला बसवला होता, ढोबळ नफ्यातून आधी घसारा, आयकर, भांडवलावरचा ठरलेला परतावा, जुनी यंत्रं बदलायची तरतूद वजा करायची आणि उरलेल्या शिलकीत कामगाराचा वाटा काढायचा. मालक म्हणत होते यंत्रं बदलायला जास्त लागतं, कामगार म्हणत होते ही तरतूद म्हणजे आमचा बोनस पळवायची वाट आहे. गजेंद्रगडकरांनी फॉर्म्युला मोडला नाही, पण मालकानं यंत्रं बदलायचा खर्च नुसता सांगून भागणार नाही, पुरावा देऊन सिद्ध करायला पाहिजे, हे पक्कं केलं. पुढे १९६५ ला बोनसचा कायदाच आला.

निवृत्तीनंतर पण तेच काम. राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष ते, १९६६ ला नेमला, १९६९ ला अहवाल. महागाई भत्त्यावरचा आयोग पण त्यांचाच. आमच्याकडे "गजेंद्रगडकर" म्हटलं की लोकांना आधी डीए आठवायचा, सरन्यायाधीश नंतर.

तुझ्या प्रश्नाचं माझ्या मते उत्तर असं की जमिनीच्या अपिलात वर्षानुवर्षं काढलेली असली की कागदावरच्या आकड्यामागे एक घर आहे हे कळायला लागतं. बाकी कायदा शिकता येतो.

सुनंदा_वैद्य:
मी संस्कृत शिकवते, कोर्टाशी संबंध नाही, पण एक केस अशी आहे की ती आम्ही पण वाचतो. तू अजून उल्लेख केला नाहीस म्हणून लिहिते.

शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूलदास वैश्य, निकाल १४ जानेवारी १९६६. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिराच्या सत्संगी, म्हणजे त्या संप्रदायाच्या अनुयायी, मंडळींनी १९४८ ला दावा लावला होता की आमचा संप्रदाय हिंदू धर्माचा भागच नाही, त्यामुळे दलितांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आम्हाला लागत नाही. खालच्या कोर्टात १९५१ ला ते जिंकले. १९५८ ला हायकोर्टात हरले, अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं. मग सुप्रीम कोर्ट. दावा लावल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत अठरा वर्षं, आणि तोवर मंदिरप्रवेश मागणारी मूलदासांसारखी माणसं वाट बघत राहिली, हे पण तुझ्या लिखाणात यायला हवं, कारण अपिलाचं कोर्ट म्हटलं की ही वाट बघणारी माणसं आलीच.

गजेंद्रगडकरांपुढे प्रश्न आला की हिंदू कोणाला म्हणायचं. घरात पिढ्यानपिढ्या शास्त्र शिकलेलं, स्वतः दत्तकमीमांसा या दत्तकावरच्या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती केलेली, त्यांच्याइतका या प्रश्नाला तयार जज शोधून सापडला नसता. त्यांनी वेदांपासून बुद्ध, महावीर, बसव, ज्ञानेश्वर, तुकाराम, नानक असा सगळा प्रवास घेतला आणि शेवटी टिळकांची व्याख्या हाताशी धरली, प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता, उपास्यानामनियम एतद्धर्मस्य लक्षणम्. वेदांबद्दल आदर, मोक्षाचे मार्ग अनेक, आणि अमुकच दैवत पूजायचं असा नियम नाही. या तीन खुणांवर स्वामिनारायण संप्रदाय हिंदूच ठरतो, म्हणून दार सगळ्यांना उघडं. आणि सत्संगींची भीती अज्ञान आणि अंधश्रद्धेतून आलीय, स्वामिनारायणांची शिकवणच त्यांना समजलेली नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं. एखाद्या संप्रदायाला त्याच्याच गुरूची शिकवण समजावून सांगायची हे धाडस आहे.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. टिळकांचा श्लोक दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी कामाला आला यात मला आजही आनंद होतो.

ॲड_मीनल:
सुनंदाताई, निकालाचा शेवट मलाही मोलाचा वाटतो, पण कोर्टानं धर्माची व्याख्या करायची की नाही यावर माझं मन अजून तयार होत नाही. ती व्याख्या तिथेच राहिली नाही ना, १९९५ ला निवडणूक प्रचारातल्या हिंदुत्वाच्या मुद्द्यावर जो निकाल आला त्यात याच निकालाचा आधार घेतलाय, आणि त्याचा वापर पूर्ण वेगळ्या दिशेनं झाला. एका मंदिराच्या दारासाठी लिहिलेलं वाक्य तीस वर्षांनी निवडणुकीच्या खटल्यात जाऊन बसलं. म्हणून रेवा, मी तुला म्हणेन की १५ मार्च १९६६ ला आयुष्य थांबवू नकोस. अपिलाच्या जजचं काम त्याच्या निवृत्तीनंतर बाकीचे जज चालवत राहतात, कधी पुढे नेतात, कधी पुसून टाकतात.

नरसू अप्पा माळी घे. १९५१, मुंबई हायकोर्ट, चागला आणि गजेंद्रगडकर. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी करणारा १९४६ चा मुंबईचा कायदा होता, त्याला आव्हान दिलं होतं की मुसलमानांना मोकळीक आणि आम्हालाच शिक्षा का. दोघांनी कायदा उचलून धरला, बायकांच्या बाजूनं निकाल. पण तिथे पोचताना म्हटलं की व्यक्तिगत कायदा घटनेच्या कलम १३ मध्ये येत नाही, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो तपासायचाच नाही. त्या एका वाक्यामुळे पुढे कितीतरी वर्षं वारसाहक्काच्या, तलाकच्या खटल्यांत बायकांपुढे भिंत उभी राहिली. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालात त्यावर फेरविचार व्हावा असा सूर निघाला, २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूडांनी तर नरसू माळीतला तर्क चुकीचा आहे असं सविस्तर लिहिलं. मी कौटुंबिक न्यायालयात काम करते, ही भिंत मला रोज दिसते, म्हणून मी यावर मवाळ बोलू शकत नाही.

उलट बाजू पण सांगते. १९६२ चा बालाजी विरुद्ध म्हैसूर, ६८ टक्के आरक्षण रद्द करताना त्यांनी म्हटलं की ढोबळमानानं ते ५० टक्क्यांच्या आत असावं. १९९२ ला मंडल निकालानं ते उचललं आणि २०२१ ला मराठा आरक्षण ज्या मर्यादेवर अडलं ती हीच. मर्यादा पटो न पटो, आज महाराष्ट्रात घरोघरी जो आकडा बोलला जातो त्याचं मूळ सातारच्या जजच्या एका निकालात आहे, हे वर्गाला सांग, सगळे कान टवकारतील.

रेवा_लॉ:
मीनलताई, हे वाचून अंगावर काटा आला. ५० टक्के त्यांच्याकडून सुरू झालं हे मला माहीतच नव्हतं.

मग मिरजकरवर तुमचं काय मत? मी समजले ते असं: ब्लिट्झ साप्ताहिकावर अब्रुनुकसानीचा दावा मुंबई हायकोर्टात चालू होता, एका साक्षीदारानं विनंती केली की माझी साक्ष छापून आली तर माझ्या धंद्याचं नुकसान होतं, न्या. तारकुंड्यांनी ती साक्ष प्रसिद्ध करायला मनाई केली. ब्लिट्झचे वार्ताहर मिरजकर आणि इतर पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले की आमचा अभिव्यक्तीचा हक्क गेला. नऊ जजचं बेंच, ३ मार्च १९६६, आणि गजेंद्रगडकरांनी बहुमतासाठी लिहिलं की कोर्टाच्या न्यायिक आदेशानं मूलभूत हक्क भंग पावत नाही. एकटे हिदायतुल्ला विरोधात. निवृत्तीला दोन आठवडे पण उरले नव्हते. कामगारांसाठी एवढा उभा राहिलेला माणूस पत्रकारांच्या वेळी असा का वागला?

ॲड_मीनल:
"असा का वागला" असं विचारू नको, त्यांनी कारण काय दिलं ते बघ. त्यांच्या डोळ्यापुढे साक्षीदार होता. साक्षीदार मोकळेपणानं बोलला नाही तर न्यायच होत नाही, आणि कधी कधी त्यासाठी दार थोडं लोटून घ्यावं लागतं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि जो माणूस आयुष्यभर साक्षी कागदावर वाचत आला त्याला खऱ्या साक्षीची किंमत जास्त कळणार हे मी मान्य करते. पण त्यासाठी "कोर्टाच्या आदेशानं मूलभूत हक्क मोडतच नाही" इतकं मोठं विधान करायची गरज नव्हती. साधं सांगता आलं असतं की या परिस्थितीत मनाई वाजवी आहे. हिदायतुल्लांचं मतभेदाचं मत वाच, तिथे माझं मन लागतं. आणि ज्यांनी मूळ आदेश दिला ते तारकुंडे पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे आधारस्तंभ झाले, हेही लिही, म्हणजे माणसं एका निकालात मावत नाहीत हे कळेल.

जिल्हाकोर्टवाला:
मीनलचं मिरजकरवरचं म्हणणं मला पटतंय, नरसू माळीवर मात्र मी थोडा वेगळा आहे. १९५१ ला घटना लागू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, हिंदू कोड बिल संसदेत अडकलं होतं, तेव्हा हायकोर्टाच्या दोन जजनी सगळे व्यक्तिगत कायदे एका फटक्यात घटनेखाली आणले असते तर काय झालं असतं कोण जाणे. ते काम त्यांनी विधिमंडळावर सोडलं. मी वर म्हटलं ना, हात कुठे आवरला ते बघ.

पण हात कुठे घातला ते पण बघ. सरन्यायाधीश होऊन दोन महिने पण झाले नव्हते आणि केशवसिंग प्रकरण येऊन पडलं. गोरखपूरच्या एका कार्यकर्त्यानं पत्रक छापलं, उत्तर प्रदेश विधानसभेनं हक्कभंगासाठी त्याला सात दिवस तुरुंगात घातलं, अलाहाबाद हायकोर्टाच्या दोन जजनी जामीन दिला, तर विधानसभेनं ठराव केला की त्या दोन्ही जजना आणि वकिलाला पकडून सभागृहापुढे आणा! हायकोर्टाचे २८ जज एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाला स्थगिती दिली. शेवटी राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं. सात जज, ३० सप्टेंबर १९६४ ला सहा विरुद्ध एक, बहुमत गजेंद्रगडकरांनी लिहिलं की जजनं आपलं काम केलं म्हणून विधानसभा त्याला हक्कभंगात ओढू शकत नाही, आणि नागरिकाला कोर्टाचं दार ठोठावायचा हक्क आहे. दोन सत्ता समोरासमोर उभ्या होत्या, एक शब्द जास्त झाला असता तर भडका उडाला असता. तो निकाल वाचताना प्रत्येक परिच्छेदात सांभाळून टाकलेलं पाऊल दिसतं. आणि केशवसिंगाचं काय झालं माहितीय? त्याचा अर्ज अलाहाबाद हायकोर्टानं १९६५ ला फेटाळला आणि उरलेली एक दिवसाची शिक्षा त्याला भोगायला लागली. तत्त्व जिंकलं, माणूस आत गेला. अपिलाच्या कोर्टात हे फार वेळा होतं.

अजून एक. सज्जनसिंग, ऑक्टोबर १९६४. पाच जज, जमीनसुधारणांच्या कायद्यांना संरक्षण देणाऱ्या सतराव्या घटनादुरुस्तीवर. गजेंद्रगडकरांनी बहुमतासाठी लिहिलं की संसदेला मूलभूत हक्कसुद्धा बदलता येतात. त्याच बेंचवर आपले विदर्भातले न्या. ज. र. मुधोळकर होते, त्यांनी निकालाला संमती दिली पण एक शंका लिहून ठेवली, की घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर ती दुरुस्ती म्हणायची की घटना नव्यानं लिहिणं? नऊ वर्षांनी १९७३ ला केशवानंद भारतीमध्ये मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला, म्हणजे घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही, आणि त्याचं बीज लोक मुधोळकरांच्या त्या शंकेत बघतात. सरन्यायाधीशांचं बहुमत मागे पडलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या मराठी जजचा प्रश्न टिकला. तुझ्या भाषणात या दोघांना समोरासमोर ठेव.

शॉर्टहँड_काका:
मीनल आणि जिल्हाकोर्टवाले, दोघांनी भांडण छान केलं. रेवा, एक सांगतो, निकाल वाचताना हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, तेवढाच वाचून सोडू नको. हेडनोट रिपोर्टर लिहितो, जज लिहीत नाही. मूळ परिच्छेद वाच, आणि शक्य झालं तर त्याच केसचा खालच्या कोर्टात काय निकाल होता ते आधी वाच मग वरचा वाच.

रेवा_लॉ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय की तारखांचं पान शेवटी टाकते. सुरुवात अपेलेट साइड आणि पेपरबुकनं, मग चारच निकाल सविस्तर, असोसिएटेड सिमेंट, मूलदास, केशवसिंग आणि मिरजकर, आणि प्रत्येकाच्या पुढे त्याचं नंतर काय झालं ते. नरसू माळी हायकोर्टाच्या भागात येईल, तिथे मीनलताईंचं आणि दादांचं दोन्ही म्हणणं मांडते. सज्जनसिंग भाषणात. मिरजकरवर मी हिदायतुल्लांच्या बाजूनं लिहिणार आहे, कारण तसंच वाटतंय. त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत आहे, कॉलेजच्या लायब्ररीत सापडलं. सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल कोर्टाच्याच ई-एससीआर या साइटवर फुकट मिळतात पण हायकोर्टाचा १९५१ चा निकाल पूर्ण कुठे मिळेल?

जिल्हाकोर्टवाला:
बॉम्बे लॉ रिपोर्टर किंवा एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९५२ मुंबई, पान ८४. जिल्हा कोर्टाच्या बार लायब्ररीत जुने खंड असतात, सोबत ओळखीचा वकील घेऊन जा, ग्रंथपालाला दुपारच्या सुट्टीनंतर भेट, सकाळी बोर्ड चालू असताना सगळे तिथे पुस्तकं शोधत असतात आणि तुला कुणी दाद देणार नाही.